ठेव

वाल्पाराइसोच्या टेकडीवर दोन डबे आहेत,
एकाच दोराला बांधलेले.
एक वर चढतो तेव्हा दुसरा खाली येतो,
ऐंशी सेकंदांत.
वर हेर्मिनिया, दांडा ओढायला.
खाली मी, निवाल्दो, तिकिटं फाडायला.
आमच्यामध्ये एक घंटा
आणि सव्वीस वर्षं.

ऐंशी सेकंदांत काय होतंय, ती म्हणायची,
आणि दर ऐंशी सेकंदांना फोन काढायची.
दिवसाला दोनशे फेऱ्या. हिशेब तुम्ही करा.
अंगठा वर, जग खाली,
अंगठा वर, जग खाली,
जणू तिसरा डबा तिच्या मुठीत होता
आणि त्याला स्टेशनच नव्हतं.

मग एका मंगळवारी म्हातारा एउसेबियो
वर उतरला, सव्वापाचला, रोजच्यासारखा,
हाताला प्लास्टर.
अरे देवा, हे कधी झालं?
तो म्हणाला,
उद्या काढणार आहेत.

शेवटच्या डब्यातून ती खाली आली.
माझ्या खिडकीत फोन पालथा ठेवला,
सोनाराकडे बांगडी गहाण टाकावी तसा.
मी मागितला तरी देऊ नकोस.
रडले तर दे.

मी तो चिल्लरच्या खणात ठेवला.
सकाळपासून तो आत थरथरायचा
आणि त्याच्याबरोबर सगळी नाणी.
अकराला घंटा झाली: एक लांब, दोन आखूड.
अशी खूण आमच्यात ठरलेली नव्हती,
तरी कळली.
रिकाम्या डब्यात, लाकडी बाकावर,
मी त्याला एकट्याला बसवून वर पाठवलं.
तिकीट फाडलं नाही.
पुढच्या फेरीला परत आला.
बहिणीने केकचा फोटो टाकला होता, ती नंतर म्हणाली,
आणि पडद्यांवर सूट होती.
एवढ्यासाठी अख्खा डबा वर ओढला रे मी.

दुसऱ्या दिवशी चार घंटा. तिसऱ्या दिवशी सात.
(तुम्हाला वाटलं असेल, कमी होत गेल्या. मलाही वाटलं होतं.)
चौथ्या दिवशी तिने मला शिवी घातली,
पाचव्या दिवशी गरम एम्पानादा खाऊ घातला.
अंगठा अजून चालतोच म्हणाली,
एप्रनच्या काठावर, दांड्याच्या पितळेवर,
झोपेत उशीवर.
जित्याची खोड, मी म्हणालो.
जिती आहे एवढं तरी कळलं, ती म्हणाली.

मग केव्हातरी ती वरून ओरडून सांगू लागली:
डबे मध्यावर एकमेकांना ओलांडतात ना,
तिथे दोर घसा खाकरतो!
शाळेतून येणाऱ्या धाकटीचा दात पडलाय!
पिवळ्या कुत्र्याला एक कान नाही,
आधी होता का रे?
मला माहीत नव्हतं.
मी तिकिटं फाडत होतो,
आणि माझा फोन… माझं विचारू नका.

एका रविवारी रात्री तिने मुलाचा जुना फोन
पलंगाखालच्या पेटीतून काढला, चार्ज केला,
पहाटे दोनपर्यंत जागली.
सोमवारी आपणहून सांगितलं, डोळे लाल.
मी काही बोललो नाही.
डबा वर सोडला.

एउसेबियोचं प्लास्टर निघालं होतं तोवर.
हात काटकुळा, फिकट,
बोटं अजून कशाभोवती तरी वाकलेली.
डॉक्टर म्हणतात, हाताला ते काही दिवस आठवत राहतं.
हेर्मिनियाने आपला अंगठा पुढे केला.
दोघं म्हणे वरच्या कठड्याशी उभे राहिले,
बोटं उघडत, मिटत, उघडत.
खाली बंदरात क्रेन कंटेनर उचलत होती.
डबा पाच मिनिटं हललाच नाही.
रांग माझ्यावर खेकसली.

घंटेची दोरी हातात होती, ओढली नाही.
खणात नाणी थरथरली.
मी गुडघ्याने खण
आत लोटला.